दर पंधरा मिनिटांनी गुलाब

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा मनापासून नमस्कार. तुझी कंबर आता कशी आहे? भाऊजींचा खोकला कसा आहे? (भाऊजींच्या खोकल्याची चौकशी या खेपेला मी नुसती रीत म्हणून करत नाहीये. तो अजून असला तर बरं होईल. कारण पुढे येईल.) इकडे आम्ही बरे आहोत असं लिहायचं असतं, म्हणून लिहितो. तुझी भावजय बरी आहे, दुकान बरं चाललंय, वाफेच्या प्रेसचा नवा व्हॉल्व्ह तर फारच बरा आहे. मी मात्र चार महिने बरा नाही. पण ते वरून दिसत नाही, त्यामुळे कुणी विचारत नाही आणि मी सांगत नाही.

आता तुला सांगतो, आणि फक्त तुलाच. ताई, माझं नाक गेलं. म्हणजे जागेवर आहे, चष्मा त्यावर टिकतो, सर्दी झाली की गळतंही. पण त्याला वास येत नाही. चार महिन्यांपूर्वी ताप आला होता, असं मी तुला कळवलं होतं. ताप चार दिवसांत उतरला आणि जाताना वास घेऊन गेला. डॉक्टरांनी येईल म्हणून सांगितलंय, कधी ते सांगितलं नाही. (माणसाचं नाक गेलं की बोलणंसुद्धा टोचायला लागतं. परवा एक गिऱ्हाईक दुसऱ्याबद्दल सांगत होतं की तो नको तिथे नाक खुपसतो. मला त्या माणसाचा हेवा वाटला.)

हे दुसऱ्या कुणाला झालं असतं तर गोष्ट एवढी गंभीर नव्हती. पण आपल्या दुकानाची रीत तुला ठाऊक आहे. बाबांनी घालून दिलेली. कपडा आत येताना एकदा नाकाला लावायचा आणि बाहेर जाताना एकदा. डाग कुठे आहे ते डोळा सांगतो, डाग कशाचा आहे ते नाक सांगतं, आणि डाग कशाचा ते कळल्याशिवाय कपड्याला पाणी दाखवायचं नाही. बाबा आपल्या दोघांचे डोळे बांधून पाच रुमाल पुढे ठेवायचे, आठवतं? तू पाचही ओळखायचीस. मी तीन ओळखायचो, आणि त्यातला एक तू पायानं खूण केल्यामुळे. तुझं लग्न होऊन तू गेलीस म्हणून हे दुकान माझ्याकडे आलं, यात माझं कर्तृत्व नाही. तरी तीस वर्षांत मी नाव टिकवलं होतं. गिऱ्हाइकं मशीन बघून येत नाहीत, हा माणूस कपडा हुंगून घेतो म्हणून येतात. गेले चार महिने मी कपडा नाकाला लावतो, डोळे मिटतो, हं म्हणतो आणि काहीतरी सांगतो. मागच्या आठवड्यात एका गृहस्थांच्या पँटवरचा डाग मी चहाचा म्हणून सांगितला. त्यांनी खाली बघून, तसं असेल तर तसं, असं म्हटलं. ती पँट आता डागासकट त्यांच्याकडे आहे.

पण मला लिहायचं होतं ते घरासाठी सुगंध निवडण्याबद्दल. त्याचं असं झालं. दोन महिन्यांपूर्वी एका संध्याकाळी मी पुढच्या खोलीत पेपर वाचत बसलो होतो. तुझी भावजय आतून आली, माझ्यासमोर उभी राहिली आणि घरात कसला वास येतोय का, असं तिनं विचारलं. तिच्या चेहऱ्यावरून मला वाटलं की येत असला पाहिजे. मी जरा वर बघितलं, दोनदा श्वास घेतला आणि म्हणालो, येतोय खरा, बरेच दिवस मीही म्हणत होतो, उद्याच काहीतरी आणतो. ती थोडा वेळ तशीच उभी राहिली आणि मग आत गेली. आपल्या घरी पुढे दुकान आणि मागे संसार, तेव्हा वाफेचा, साबणाचा, ड्रायक्लीनिंगच्या औषधाचा वास आत येणारच. त्यात तिची काही चूक नाही. चूक एवढीच की सगळ्या घरात नाकाचा म्हणून जो माणूस प्रसिद्ध होता, तोच निवडीला निघाला.

मोठ्या दुकानात त्या सुगंधांची एक पूर्ण भिंत आहे. डबे, बाटल्या, वड्या, भिंतीत खुपसायच्या कुप्या. तिथल्या चष्मेवाल्या बाईंनी कागदाच्या पट्ट्यांवर एकेक थेंब मारून माझ्या पुढे धरायला सुरुवात केली. मी प्रत्येक पट्टी बाबांसारखी धरली, नाकापासून चार बोटं लांब, आणि मान हलवली. नऊ पट्ट्या झाल्यावर त्यांनी विचारलं की तुम्हाला तीव्र हवा की सौम्य. मी मध्यम म्हणालो. मग वाटलं की एवढ्यानं आपण जाणकार वाटत नाही, म्हणून पुढे म्हणालो, मध्यम, पण प्रामाणिक. त्यांनी माझ्याकडे जरा आदरानं पाहिलं आणि मला एकट्याला सोडलं. मग मी चित्रं बघून निवड केली. एका डब्यावर डोंगर होता, डोंगरामागे सूर्य आणि पुढे एक मोठा दणकट बूट. वर लिहिलं होतं, डोंगरावरची पहाट. बाकी अक्षर बारीक होतं. चित्र मला पटलं. कुणीतरी मेहनतीनं वर चढून गेलंय आणि तिथली हवा आपल्यासाठी डब्यात भरली आहे, असा त्याचा एकंदर सूर होता.

घरी येऊन मी पहाट पुढच्या खोलीत चारी कोपऱ्यांत मारली. तुझ्या भावजयीनं सगळ्या खिडक्या उघडल्या. मला बरं वाटलं. पहाट म्हटल्यावर माणसाला खिडक्या उघडाव्याशा वाटणारच. कसं आहे म्हणून विचारलं, तर वेगळं आहे, एवढंच ती म्हणाली. पुढच्या आठवड्यात मी हिरवट जेलीची बरणी आणली, ती तिनं खिडकीत ठेवली, खिडकीच्या बाहेरच्या बाजूला. त्यानंतर तेलाची कुपी आणली, जिच्यात सहा काड्या उभ्या करतात. ती माझ्याच कोपरानं माझ्याच मांडीवर सांडली, आणि मला पत्ता नसल्यामुळे मी त्याच पँटीत दिवसभर गल्ल्यावर बसलो. त्या दिवशी गिऱ्हाइकं कपडे टाकून भराभर निघून गेली. धंद्याला वेग आलाय, असं मी तुझ्या भावजयीला अभिमानानं सांगितलंही.

या सततच्या निवडीवर उपाय म्हणून मी यंत्र आणलं. पांढरं, तळहाताएवढं, भिंतीला टांगायचं. ते दर पंधरा मिनिटांनी आपोआप गुलाब फवारतं, आणि कुणी समोरून गेलं तर त्याच्यासाठी म्हणून जास्तीचं एकदा. माझा हिशोब साधा होता. निवड एकदाच करायची, पुढचं यंत्र बघेल, मला कुणी काही विचारणार नाही. ते मी पुढच्या खोलीत टांगलं. दोन दिवसांनी तुझी भावजय म्हणाली की केर काढताना ते माझ्यावर थुंकतं. मी म्हणालो की सवय होईल. तिनं सवय करून घेतली नाही. मला न सांगता ते उचललं आणि दुकान व घर यांच्या मधल्या बोळात टांगलं, जिथून दिवसभर मी सोडून दुसरं कुणी जात नाही. ते कुठे गेलं हे मी विचारलं नाही, कारण वास कुठून येतोय हे मला कळत नाही, हे तिला कळायला नको होतं. (हे वाक्य तू दोनदा वाचशील. मी ते चार महिने जगतोय.)

त्यानंतर माझी मान ओली व्हायला लागली. बोळातून जाताना उजव्या कानाच्या खाली, येताना डाव्या, दरवेळी थेंब थेंब. मी वर पाहिलं, काही दिसेना. पण वरून वाफेचा पाइप जातो, तेव्हा गळतोय असंच वाटलं आणि मी नळवाल्याला बोलावलं. तो गंभीर माणूस आहे. शिडी लावली, पाइप हातानं चाचपला, सांधे पाहिले, पुन्हा चाचपला. पाइप कोरडा होता. मी म्हणालो, थांबा, दाखवतो, आणि बोळातून चालून गेलो. मान ओली झाली. त्यानं शिडीवरूनच मला परत जायला सांगितलं. मी परत गेलो, पुन्हा ओली झाली. असं चार वेळा झाल्यावर तो खाली उतरला आणि कपाटाच्या कडेला टांगलेलं ते यंत्र बोटानं दाखवून म्हणाला, शेठ, तुम्हाला वास नाही आला? मी म्हणालो, आला होता, पण पाइपाचा असेल असं वाटलं. तो शिडी घेऊन गेला.

इथपर्यंत, ताई, तू हसलीस तरी माझी हरकत नाही. पण त्या यंत्राच्या बरोबर समोर, वीतभर अंतरावर, कपडे हवेला लावायची आपली दांडी आहे. त्या दांडीवर चार दिवस एकच कपडा होता. तो कोटवाल्या बाईंचा कोट होता.

या बाई तुझ्या वेळी नव्हत्या, म्हणून सांगतो. शाळेत शिकवायच्या, आता निवृत्त आहेत. त्यांचे यजमान नकाशे काढण्याच्या कामावर होते, सहा वर्षांपूर्वी गेले. त्यांचा एक तपकिरी लोकरी कोट आहे. वर्षातून दोनदा बाई तो आणतात. धुवायचा नाही, ड्रायक्लीन करायचा नाही, फक्त ब्रश फिरवायचा, हवेला लावायचा, अस्तर कुठे उसवलं असेल तर टाचायचं. पावतीवर मी त्यांच्या समोर लिहितो, वास तसाच ठेवावा. पहिल्यांदा आला तेव्हा त्या कोटाला पाइपाच्या तंबाखूचा, खोकल्याच्या गोळ्यांचा आणि पेन्सिलीच्या भुशाचा वास होता. डोळे बांधून हजार कोटांतून ओळखला असता. न्यायला आल्या की बाई म्हणतात, घरी रोज नजरेसमोर असतो, मला आता कळेनासं झालंय, तुम्ही सांगा. मी कोट नाकाला लावतो आणि म्हणतो, आहे. बाई मान हलवतात, कोट हातावर घेतात आणि जातात. सहा वर्षांत यापलीकडे आम्ही फारसं बोललेलो नाही.

दर पंधरा मिनिटांनी एकदा म्हणजे दिवसाला शहाण्णव वेळा. चार दिवसांचे तीनशे चौऱ्याऐंशी गुलाब झाले, आणि माझ्या जाण्यायेण्याचे वेगळे. नळवाला गेल्यावर मी कोट काढला, गच्चीत नेला, झटकला, नाकाला लावला. काही नाही. पण मला आता कशालाच काही नसतं. मग पेपर टाकायला आलेल्या माणसाला वर बोलावून, तुला कसला वास येतो बघ, म्हणून कोट त्याच्यापुढे केला. तो म्हणाला, छान आहे, गुलाबाचा आहे, कुणाचं लग्न आहे का. मी तिथे गच्चीत पायरीवर बसलो. ताई, मला फार वाईट वाटलं. बाबा असते तर त्यांनी मला गल्ल्यावरून उठवलं असतं आणि मी उठलो असतो. बाई पुढच्या नव्हे, त्याच्या पुढच्या शनिवारी येणार आहेत. घरासाठी कुठला सुगंध चांगला ते तुझ्या अनुभवानं कळव. बाकी क्षेम. भाऊजींना नमस्कार.

तुझा आज्ञाधारक,
धाकटा

ता. क. वर एक गोष्ट लिहायची राहिली. राहिली नाही, लिहिली नाही. त्या कोटाचा वास दोन वर्षांपूर्वीच गेला होता. तेव्हा माझं नाक शाबूत होतं. मी कोट नाकाला लावला, तंबाखू नव्हता, गोळ्या नव्हत्या, नुसती लोकर होती. बाई समोर उभ्या होत्या. मी म्हणालो, आहे. त्यानंतर तीन वेळा म्हणालो. नाक शाबूत असताना बाबांच्या गल्ल्यावर बसून मी एवढं एकच खोटं बोललोय, आणि मला त्याचा पश्चात्तापही होत नाही. पण ज्या कोटाला कसलाच वास नाही त्याला आहे म्हणता येतं. ज्याला गुलाबाचा वास येतो त्याला कसं म्हणायचं? बाईंना एकदा कळलं की हा माणूस खोटं बोलतो, की मागचे सगळे 'आहे' त्यांच्या हातून जातील. माझी अब्रू गेली तरी मी सोसेन. ते जायला नकोत.

ता. क. २ सोबतच्या पार्सलात तो कोट आहे. भाऊजींना पाइप आहे, खोकला आहे, आणि अंगानं ते साधारण तेवढेच आहेत. त्यांनी तो आठ दिवस घालावा. सकाळी फिरायला घालावा, जेवताना नको. गोळ्या उजव्या खिशात ठेवाव्यात. डाव्या खिशात मी चार पेन्सिली आणि टोकयंत्र घातलंय, त्यांना रोज थोडं थोडं टोक करावं आणि भुसा खिशातच राहू द्यावा. आठ दिवसांनी तू एकदा डोळे मिटून कोट नाकाला लाव. गुलाब गेला असेल तर परत पाठव. नसेल तर भाऊजींना आणखी दोन दिवस घालू दे. त्यांना कारण सांगू नकोस. थंडी आहे म्हण.

ता. क. ३ यातलं तुझ्या भावजयीला काही कळता कामा नये. पार्सलात तुझ्यासाठी जुनी मासिकं आहेत असं मी तिला सांगितलंय, आणि पोस्टात टाकायला तिच्याकडेच देतोय.

ताईंना सादर नमस्कार. यापुढचं अक्षर माझं आहे. जुन्या मासिकांना गुलाबाचा वास येत नाही, म्हणून मी पार्सल उघडलं. पाकीट यांनी घट्ट चिकटवलं होतं, पण वाफेच्या प्रेसवर धरलं तर ते आपोआप उघडलं. तुम्ही मला रागवायचं असेल तर रागवा.

यांचं नाक गेलंय हे मला तापानंतर आठवड्यातच कळलं. ज्या संध्याकाळचं यांनी लिहिलंय, त्या संध्याकाळी माझं पातेलंभर दूध करपून काळं झालं होतं, डोळ्यांना पाणी येत होतं, आणि हे पेपर वाचत होते. मी मुद्दाम समोर जाऊन विचारलं की वास येतोय का. म्हटलं, आता सांगतील. सांगायचं सोडून हे सुगंध आणायला निघाले. घरात त्यापूर्वी कसलाही वास नव्हता, ताई. त्यानंतर मात्र खूप झाला. ती डोंगरावरची पहाट बुटांच्या आत मारायची होती. डब्यावर लिहिलेलं आहे. मी काही बोलले नाही, कारण बोलले असते तर यांना सगळंच सांगावं लागलं असतं, आणि यांनी ते आपण होऊन सांगावं असं मला वाटत होतं. मला नाही, पण तुम्हाला सांगितलं. थोडं लागलं मनाला, खोटं कशाला बोलू. पण कुणाला तरी सांगितलं हे बरं झालं.

आता कोटाचं. यंत्र मीच तिथे टांगलं, तेव्हा चूक माझीही आहे. आज सकाळी हे साबणाच्या गोण्या आणायला गेले होते, कोट गल्ल्यावर उघडा पडला होता आणि नेमक्या बाई आल्या, अस्तर बदलायचं का ते विचारायला. मी झाकायच्या आत त्यांनी उचलला आणि नाकाला लावला. मग मी सगळं सांगून टाकलं. ताप, नाक, यंत्र, भाऊजी, पेन्सिली, आणि दोन वर्षांपूर्वीचं ते 'आहे'. बाई स्टुलावर बसल्या. मग म्हणाल्या, "वास गेला ते मला माहीत आहे हो. तुमच्या यांच्याआधी मला कळलं. घरी मी तो कोट कपाटातून काढतसुद्धा नाही. वर्षातून दोनदा एक शहाणासुरता माणूस तो नाकाला लावून सांगतो की आहे, तेवढं ऐकायला येते." निघताना पेन्सिली त्यांनी खिशात तशाच राहू दिल्या. गुलाब त्यांच्या यजमानांना आवडत नसे, पण चालेल म्हणाल्या. आणि मी आज आलेच नव्हते, असं समजा म्हणाल्या. त्या ठरल्या शनिवारीच येणार आहेत.

तेव्हा तुम्ही एवढं करा. पार्सलात कोट नाही, ते पांढरं यंत्र आहे, बॅटरी काढली आहे. ते परत पाठवू नका. रिकामं खोकं मात्र आठ दिवसांनी न चुकता पाठवा, म्हणजे कोट त्यात घालून मी यांच्या हातात देईन. भाऊजींनी एक ओळ लिहावी की कोट अंगाला नीट बसला आणि ऊबदार होता. आणि ताई, हे मागणार नाहीत म्हणून मी मागते, खोक्याच्या मागोमाग तुम्हीही या. महिनाभर तरी गल्ल्यावर बसा. चहाचे म्हणून सांगितलेले डाग पुष्कळ आहेत.

पण शनिवारच्या आधी येऊ नका. शनिवारी हे कोट नाकाला लावतील, डोळे मिटतील आणि आहे म्हणतील. त्या वेळी मी आत वाफेची प्रेस बंद ठेवणार आहे, म्हणजे नीट ऐकू येईल.